अथेन्सचं अक्रोपोलिस: देऊळ नंतर बघा, आधी गड बघा

अक्रोपोलिस म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर एकच फोटो येतो, टेकडीवर पांढऱ्या खांबांचं मोडकं देऊळ आणि मागे निळंशार आकाश. आपल्या रत्नागिरी, दाभोळ, हर्णै पट्ट्यातली जी पोरं जहाजावर आहेत ती पिरियस बंदराला लागली आणि अर्धा दिवस सुट्टी मिळाली की तिथे जाऊन सेल्फी काढतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात, खाली सगळे ‘मस्त’ लिहितात आणि विषय तिथेच संपतो. मला यात एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे त्या जागेला सगळे देऊळ समजतात. अहो, ती जागा मुळात गड आहे. तिथली शेवटची शिबंदी खाली उतरली ती थेट १८३५ साली, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून सतरा वर्षं झाल्यावर, आणि त्याच्या आधी सुमारे तीन हजार वर्षं त्या खडकावर कुणी ना कुणी तट धरून बसलेलंच होतं.

आता आपण कोकणातली माणसं, तट-बुरूज बघतच लहानाची मोठी झालेली, तर आपल्याला ही जागा खरं म्हणजे इतरांपेक्षा लवकर कळायला पाहिजे. गडावर गेलेला जाणता माणूस आधी काय विचारतो? पाणी कुठाय, दरवाजा कुठल्या अंगाला आहे, कडा कुठून चढता येईल, आणि दारूकोठार कुठे होतं. हेच प्रश्न अक्रोपोलिसला विचारत गेलं की शाळेत पाठ केलेल्या त्या सनावळ्या आणि न उच्चारता येणारी नावं यांचा गुंता आपोआप सुटतो.

आधी जागा समजून घेऊ. खडक समुद्रसपाटीपासून साधारण दीडशे मीटर उंच, वर सपाट, आणि माथा फार मोठा नाही, जेमतेम तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकर. आपल्या रत्नदुर्गाचा पसारा त्याच्या कितीतरी पट आहे. तिन्ही बाजूंना कडे, आणि नीट चढता येईल अशी एकच बाजू, पश्चिमेची. त्यामुळे दरवाजा पश्चिमेलाच, तीन हजार वर्षांपूर्वीही आणि आजचा टुरिस्टही तिथूनच आत शिरतो. पिरियसचं बंदर सात-आठ किलोमीटर लांब, पण वरून दिसतं, तिथे कोण येतंय-जातंय ते गडावर बसून कळतं. रत्नदुर्गाच्या बालेकिल्ल्यावरून मिरकरवाडा दिसतो तसाच प्रकार, फक्त इथे मध्ये आख्खं शहर पसरलेलं.

पाण्याचं गणित मजेशीर आहे. वरचा खडक चुनखडीचा, भेगाळलेला. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली जातं, आणि त्याच्या बुडाशी जो पाणी न मुरणारा थर आहे तिथे अडतं, मग कडेकडेने झऱ्याच्या रूपात बाहेर पडतं. आपल्याकडे जांभ्याचा सडा वर कोरडाठाक असतो आणि सड्याच्या पायथ्याला मात्र झरे फुटतात, कारण हेच. म्हणजे अक्रोपोलिसचं पाणी माथ्यावर नाही, पायथ्याला आहे, उत्तर-पश्चिमेच्या अंगाला क्लेप्सिड्रा नावाचा झरा आणि दक्षिणेला आणखी एक. गडासाठी यासारखी वाईट गोष्ट नाही. सिंधुदुर्गात चारी बाजूंनी खारं पाणी असून आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी आहेत, म्हणून तो किल्ला टिकाव धरू शकतो. अथेन्सच्या गडाला वेढा पडला की पाणी शत्रूच्या हातात. हे लक्षात ठेवा, पुढे हे पाणी गडाला दोनदा नडणार आहे.

यावर पहिला इलाज केला तो इ.स.पूर्व तेराव्या शतकात, मायसीनी काळातल्या लोकांनी. माथ्याभोवती त्यांनी तट घातला, साधारण ७६० मीटर लांब, कुठे साडेतीन तर कुठे सहा मीटर जाड, दगड इतके अवाढव्य की पुढच्या काळातल्या ग्रीकांना ते माणसाचं काम वाटेचना, असले तट बघून ते म्हणायचे हे सायक्लोप्स नावाच्या एकडोळ्या राक्षसांनी बांधलं. आपल्याकडे मोठं दगडी काम दिसलं की पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात ना, तसंच. आणि त्याच लोकांनी उत्तरेच्या कड्यात खडकाला जी मोठी नैसर्गिक भेग होती तिच्यात आतल्या आत जिना उतरवला, आठ टप्प्यांचा, काही पायऱ्या लाकडाच्या काही दगडाच्या, आणि तळाशी पाणी साठवायला विहीर खणली. बाहेर शत्रू बसला तरी आतून घागर भरून आणायची सोय. पण हा जिना काही दशकंच चालला, मग ढासळला, आणि लोकांनी त्या विहिरीत फुटकी मडकी टाकून कचराकुंडी केली. ती मडकी विसाव्या शतकात खणून काढल्यावरच या जिन्याचा काळ ठरवता आला. तर हा जिना, ही भेगसुद्धा ध्यानात ठेवा.

पुढची काही शतकं अथेन्समध्ये साधा नियम होता, गड ज्याचा, शहर त्याचं. इ.स.पूर्व सातव्या शतकात सायलॉन नावाच्या ऑलिम्पिक विजेत्याने गड बळकावून सत्ता घ्यायचा प्रयत्न केला, फसला. त्यानंतर पिसिस्ट्रॅटस आला, तो भारी डोकेबाज, हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार लिहितो की त्याने स्वतःलाच जखमा करून घेतल्या, चौकात येऊन ओरडला की शत्रूंनी मला मारलं, लोकांनी त्याला दंडुकेवाले रक्षक दिले आणि तेच दंडुकेवाले घेऊन त्याने गड ताब्यात घेतला. त्याचा मुलगा हिपियस इ.स.पूर्व ५१० मध्ये याच गडावर वेढ्यात अडकला आणि सत्ता सोडून गेला. दोन वर्षांनी स्पार्टा या दुसऱ्या ग्रीक राज्याचा राजा क्लिओमेनीस अथेन्समध्ये लुडबुड करायला आला तेव्हा चिडलेल्या लोकांनी त्यालाच गडावर कोंडलं, दोन दिवस वेढा, तिसऱ्या दिवशी तह करून निघून गेला. आपण ज्याला अथेन्सची लोकशाही म्हणतो ना, तिची सुरुवात या वेढ्यापासून धरतात. पुस्तकात एकदम मतदान आणि भाषणं येतात, पण आधी शहरातल्या साध्या माणसांनी गड घेरला होता हे कुणी सांगत नाही.

मग आलं इ.स.पूर्व ४८०. इराणचा बादशहा झर्क्सिस प्रचंड फौज घेऊन अथेन्सवर आला. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं म्हणणं पडलं की जमिनीवर लढण्यात अर्थ नाही, बायकापोरं हलवा आणि जहाजांवर चला. जवळजवळ सगळं शहर रिकामं झालं. गडावर राहिले ते देवळाच्या खजिन्याचे राखणदार आणि काही गरीब माणसं, त्यांनी दरवाज्याच्या बाजूला लाकडी फळ्या-ओंडक्यांचं कुंपण केलं. देवाचा कौल आला होता की लाकडी भिंत तुम्हाला वाचवेल, थेमिस्टोक्लीस म्हणाला लाकडी भिंत म्हणजे जहाजं, हे म्हणाले लाकडी भिंत म्हणजे लाकडी भिंत. इराण्यांनी समोरच्या अरिओपॅगस टेकडीवर तळ टाकला आणि बाणांना तागासारखा धागा गुंडाळून, पेटवून ते कुंपण जाळलं. तरी आतली मूठभर माणसं दगड ढकलत राहिली आणि काही दिवस कुणाला वर येऊ दिलं नाही.

शेवटी काय झालं? ज्या बाजूने कुणी चढणारच नाही म्हणून पहाराही ठेवला नव्हता, त्या कड्यावरून थोडे इराणी सैनिक वर चढले. वाचताना आपल्याला १६७० चा कोंढाणा आठवल्याशिवाय राहत नाही, फरक इतकाच की तिथे चढणारे आपले होते. वर आल्यावर त्यांनी आतून दरवाजा उघडला, लोकांना कापलं, देवळं लुटली आणि सगळा माथा पेटवून दिला. काहींनी तटावरून उड्या टाकल्या. गडावरचं जुनं देऊळ गेलं, आणि आज फोटोत दिसतं त्या पार्थेनॉन देवळाच्या जागी त्याच्याही आधी एक संगमरवरी देऊळ बांधायला घेतलं होतं तेही अर्धवट अवस्थेतच जळालं.

थोड्याच दिवसांत सालामिसच्या समुद्रात अथेन्सच्या आरमाराने इराण्यांना धुतलं आणि लोक परत आले. आता इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. घाईघाईत तट उभा करायचा होता, तेव्हा उत्तरेच्या तटात त्यांनी जळक्या देवळांचे खांबाचे गोल तुकडे आणि वरच्या पट्ट्या तशाच ओळीने बसवल्या, अगदी खालच्या बाजारातून स्पष्ट दिसतील अशा. दगड वापरायचे म्हणून वापरले असते तर कसेही कोंबले असते, पण ओळ बघितली की कळतं, मुद्दाम लावलेत, हे विसरायचं नाही म्हणून. आजही ते तिथेच आहेत. हजारो माणसं त्या तटाखालून चालत जातात, मान वर करून बघणारी थोडीच. आणि फुटलेल्या मूर्ती? देवाला वाहिलेली वस्तू टाकता येत नाही, म्हणून त्या गडावरच खड्ड्यात पुरल्या, भरावात घातल्या. १८८० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा त्या बाहेर आल्या, आणि कितीतरी मूर्तींवर रंग तसाच, लाल निळा हिरवा. तेव्हा ग्रीक शिल्प म्हणजे पांढरंशुभ्र ही जी आपली समजूत आहे ती साफ चुकीची, सगळं रंगवलेलं होतं, आपल्या देवळांसारखंच झगमगीत.

आता पार्थेनॉन. पैसा कुठून आला हे आधी विचारा. इराणी परत आले तर काय, म्हणून एजियन समुद्रातल्या बेटांनी आणि गावांनी अथेन्सच्या नेतृत्वाखाली संघ केला होता, दरवर्षी वर्गणी, खजिना डेलोस बेटावर. इ.स.पूर्व ४५४ मध्ये अथेन्सने हा खजिना सुरक्षेचं कारण सांगून आपल्याकडे आणला. वर्गणी चालूच. मग अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने बांधकाम काढलं, इ.स.पूर्व ४४७ ते ४३२, वास्तुरचना इक्टिनस आणि कॅलिक्रेटिस यांची, शिल्पांवर देखरेख फिडियसची. दगड पेंटेली डोंगरातून, सुमारे सोळा किलोमीटरवरून, बैलगाड्यांनी. तेव्हाच अथेन्समध्ये लोक ओरडले होते की संघाच्या पैशाने तुम्ही शहर नटवताय. माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबर होतं, इमारत सुंदर आहे म्हणून वर्गणीतला घोटाळा घोटाळा राहत नाही असं नाही.

आणि किल्ल्याच्या नजरेने बघितलं तर पार्थेनॉन हे देऊळ जितकं तितकीच तिजोरी. आत अथीना देवीची साधारण बारा मीटर उंच मूर्ती, हस्तिदंत आणि सोन्याची. थ्युसिडिडीस हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की पेरिक्लीसने युद्धाच्या तोंडावर लोकांना सांगितलं होतं, मूर्तीवर चाळीस टॅलेंट सोनं आहे, टॅलेंट म्हणजे साधारण सव्वीस किलो, आणि ते सुटं करता येतं, वेळ पडली तर वापरू आणि नंतर परत करू. देवीच्या अंगावरचे दागिने म्हणजे राज्याची ठेव! मागच्या बंद खोलीतही खजिना असायचा. गडावर सगळ्यात सुरक्षित जागी पैसा ठेवायचा, हे काही फक्त ग्रीकांनाच सुचलं असं नाही.

बांधकामातली एक गोष्ट सांगून ठेवतो कारण पुढे तिच्यावरून बराच घोळ झाला. या दगडांत चुना-सिमेंट काही नाही. दोन दगड एकमेकांना धरून ठेवायला लोखंडी पकडी बसवलेल्या, आणि त्या खाचेत वितळवलेलं शिसं ओतलेलं, म्हणजे लोखंडाला हवा-पाणी लागत नाही, आणि भूकंपाचा धक्का बसला तर शिसं मऊ असल्यामुळे थोडं सैलही होतं.

रोमन काळात पाणी पहिल्यांदा नडलं. इ.स.पूर्व ८६ मध्ये सुल्ला या रोमन सेनापतीने अथेन्स घेतलं, तिथला हुकूमशहा ॲरिस्टिऑन उरलेली माणसं घेऊन गडावर चढला. वेढा पडला, दिवस गेले, पाणी संपलं, शेवटी तहानेने जीव जायची वेळ आली तेव्हा तो शरण आला. आणि चरित्रकार प्लुटार्क सांगतो की ज्या दिवशी, ज्या घटकेला त्याला खाली आणलं, त्याच वेळी निरभ्र आकाशात ढग जमले आणि असा पाऊस कोसळला की गडभर पाणीच पाणी. मिरगाची वाट बघून थकलेल्या माणसाला ही गोष्ट जास्त लागेल.

यापुढची दीडेक हजार वर्षं मी भरभर नेतो. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास पार्थेनॉनचं चर्च झालं, मेरीचं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेकडचे फ्रँक सरदार आले, मग स्पेनकडचे कॅटलान, मग फ्लॉरेन्सचं अच्चायुओली घराणं, दरवाज्याच्या भव्य इमारतीचा, म्हणजे प्रोपिलायाचा, त्यांनी राजवाडा केला आणि शेजारी उंच चौकोनी बुरूज उभारला. १४५८ मध्ये गड तुर्कांकडे गेला. पार्थेनॉनची मशीद झाली, कोपऱ्यात मिनार आला, माथ्यावर शिबंदीच्या घरांची दाटी, गल्ल्या, अंगणं. एकाच इमारतीत आधी अथीना, मग मेरी, मग मशीद, आणि गंमत म्हणजे इमारत जवळजवळ शाबूत राहिली ती यामुळेच, कारण वापरात असलेल्या वास्तूचं छप्पर कुणीतरी शाकारत असतं.

पण आता तोफेचा जमाना आला होता आणि तोफ आली की गडावर दारू आली. आधी दारूचा साठा प्रोपिलायात होता. सतराव्या शतकाच्या मध्याला त्यावर वीज पडली आणि स्फोटात प्रोपिलायाचा मोठा भाग उडाला, गडाचा अधिकारी घरच्यांसकट मेला. एवढं होऊनही धडा काय घेतला, तर दारूची जागा बदलली.

१६८७ साल. आपल्याकडे त्याच वर्षी औरंगजेब गोवळकोंडा घेत होता, आणि तिकडे व्हेनिसची फौज मोरोसिनीच्या हाताखाली पिरियसला उतरली. तुर्कांनी आदल्या वर्षीच तयारी म्हणून दरवाज्याजवळचं अथीना नाइकीचं छोटं देऊळ पाडून त्याचे दगड तोफांच्या मोर्च्याला वापरले होते. आता त्यांनी दारू पार्थेनॉनमध्ये भरली, आणि बायकामुलंही तिथेच आसऱ्याला. हा वेडेपणा वाटतो पण त्यांचा हिशोब होता, भिंती जाड, आणि जी वास्तू हजार वर्षं चर्च होती तिच्यावर ख्रिस्ती माणूस तोफ डागणार नाही. व्हेनिसवाल्यांनी समोरच्या फिलोपापोस टेकडीवर उखळी तोफा लावल्या. उखळी तोफ म्हणजे सरळ नाही, वर आकाशात गोळा फेकून तो छपरावर पाडणारी. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी एक गोळा छपरातून आत गेला. दारू पेटली, छप्पर उडालं, आतल्या भिंती बाहेर फेकल्या गेल्या, दोन्ही लांब बाजूंचे मधले खांब कोसळले, तीनशेच्या आसपास माणसं गेली, आणि माथ्यावरची घरं जळत राहिली. म्हणजे आज आपण जो फोटो काढतो, मधोमध पोकळ, आरपार आकाश दिसणारा, तो काळाने झिजून तसा झालेला नाही, एका संध्याकाळी झालेला आहे.

थोड्या दिवसांत गड पडला. मोरोसिनीला आठवण म्हणून पश्चिमेच्या त्रिकोणी कपाळपट्टीवरची मोठी शिल्पं व्हेनिसला न्यायची होती, उतरवताना दोर-कप्पी तुटली आणि शिल्पं खाली पडून चुरा झाली. आणि एवढा सगळा उपद्व्याप करून पुढच्याच वर्षी, १६८८ च्या वसंतात, त्यांनी अथेन्स सोडून दिलं, कारण राखणं परवडत नव्हतं. याला काय म्हणावं! रायगडचंही असंच, १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून गोळे टाकले, वाडे जळाले, आणि आज लोक ती जोती बघून म्हणतात काळाच्या ओघात गेलं. समोरची टेकडी हा तोफेच्या काळात कुठल्याही गडाचा वैरी, अक्रोपोलिसला तर असे दोन वैरी होते, बाण सुटले तो अरिओपॅगस आणि गोळा सुटला तो फिलोपापोस.

एल्गिनचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. १८०१ पासून लॉर्ड एल्गिन या तुर्की दरबारातल्या ब्रिटिश वकिलाच्या माणसांनी पार्थेनॉनची शिल्पं उतरवली, काही पडलेली उचलली पण पुष्कळशी भिंतीवरून करवतीने कापून काढली, एक जहाज किथिरा बेटाजवळ बुडालं आणि पाणबुडे लावून पेट्या वर काढाव्या लागल्या. १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने सगळं ३५,००० पौंडांना विकत घेतलं आणि ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलं. मूळ १६० मीटर लांबीच्या शिल्पपट्टीतली ७५ मीटर तिथे लंडनला. परवाना होता म्हणतात, पण परवाना देणारा कोण तर गडावर बसलेला परका सुलतान. ग्रीक लोक परत मागतायत, आणि माझ्या मते मिळायला पाहिजे.

ग्रीकांचं स्वातंत्र्ययुद्ध १८२१ ला सुरू झालं तेव्हा पाणी दुसऱ्यांदा नडलं. वर तुर्की शिबंदी, खाली ग्रीक, आणि १८२२ च्या जूनमध्ये पाणी संपल्यामुळे तुर्कांनी गड दिला. शरण आलेल्यांना अभय द्यायचं ठरलेलं असून पुढच्या महिन्यात त्यातल्या बऱ्याच जणांची शहरात कत्तल झाली, हेही सांगायला हवं. ग्रीकांनी मात्र आल्याआल्या एक शहाणपणाचं काम केलं, ओडिसियस अँड्रुत्सोस या सरदाराने क्लेप्सिड्रा झऱ्याभोवती बुरूज घालून तो गडात घेतला. चार वर्षांनी बाजू उलटली, वर ग्रीक आणि खाली तुर्की तोफा. गडावरच्या एरेक्थियन या दुसऱ्या देवळाच्या मंडपावर माती टाकून आत बायकामाणसं लपली होती, माऱ्यात ते छत कोसळलं आणि ती आतच दबली. १८२७ च्या जूनमध्ये गड परत तुर्कांकडे, आणि शेवटी १८३३ मध्ये तुर्की शिबंदी कायमची गेली, तिच्या जागी आलेली बव्हेरियन शिबंदी १८३५ ला उतरली.

नव्या देशाला बव्हेरियाचा ऑटो हा राजा मिळाला, आला तेव्हा वय सतरा. त्याच्यासाठी अक्रोपोलिसवरच राजवाडा बांधायचा आराखडा शिंकेल या जर्मन वास्तुकाराने खरोखर काढला होता, नशीब तो कागदावरच राहिला. त्याऐवजी क्लेंझे या दुसऱ्या जर्मनाने १८३४ मध्ये सुचवलं की आता हा किल्ला नाही, हे स्मारक, आणि जुनी ग्रीक देवळं सोडून बाकी सगळं काढून टाका. मग घरं गेली, मशीद गेली, मोर्चे गेले, नाइकीचं देऊळ तुर्की मोर्च्यातून दगड काढून परत उभं केलं, आणि १८७५ मध्ये तो फ्रँकांचा बुरूजसुद्धा पाडला, पाडायचा खर्च ट्रॉय खणणाऱ्या श्लीमनने दिला. म्हणजे दोनेक हजार वर्षांचा इतिहास झाडून काढला आणि पेरिक्लीसची तेवढी शंभरेक वर्षं ठेवली. आज वर गेल्यावर किल्ला दिसत नाही तो नव्हता म्हणून नाही, उचलून नेला म्हणून. आपल्याकडेही गड-संवर्धनाच्या नावाखाली कुठला थर ठेवायचा आणि कुठला नको याची भांडणं चालतात, त्या लोकांनी हा भाग एकदा नीट वाचावा.

त्यानंतर दुरुस्ती सुरू झाली आणि तो पकडींचा घोळ झाला. बालानोस नावाच्या इंजिनिअरने १८९८ पासून पुढची चाळीस वर्षं पडलेले खांब उभे केले, मेहनत प्रचंड, पण लोखंड वापरलं ते शिशाच्या आवरणाशिवाय. लोखंड गंजलं की फुगतं हे कोकणात कुणाला सांगायला नको, खाऱ्या हवेने स्लॅबमधली सळई फुगते आणि आख्खा पापुद्रा जेवणाच्या ताटात पडतो. तिथे संगमरवर आतून तडकायला लागला. प्राचीन पकडी दोन हजार वर्षं टिकल्या आणि विसाव्या शतकात बसवलेल्या मात्र पन्नास वर्षांत गेल्या! १९७५ मध्ये समिती नेमली, तेव्हापासून एकेक दगड उतरवून, जुनं लोखंड काढून, टायटॅनियमचे दांडे घालून परत बसवायचं काम चालू आहे, नवा तुकडा लागला तर तो पेंटेलीच्याच संगमरवराचा. त्या क्रेन आणि परांच्या फोटोत आल्या की लोक वैतागतात, पण हे काम घाईने करायचं नाही हे ते एकदा शिकलेत.

आता ती भेग. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या आणि गडावर नाझी झेंडा लागला. ३० मेच्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या कॉलेजच्या दोन पोरांनी तो उतरवला. दरवाज्यावर पहारा होता, म्हणून ते आले उत्तरेच्या कड्यातल्या त्या मायसीनी भेगेतून, तीन हजार वर्षांपूर्वी पाण्यासाठी जिना उतरवला होता तिथून, झेंडा खाली ओढला, घेऊन गेले, आणि पहाऱ्यातल्या कुणाला पत्ता लागला नाही. जर्मनांनी दोघांना देहदंड जाहीर केला, पण ती पोरं कोण हे तेव्हा त्यांना कळलंच नाही.

तर कुणी जाणार असाल, जहाजावरून किंवा टूरने, तर पार्थेनॉन बघाच पण या जागाही चुकवू नका. आत शिरताना उजव्या हाताला नाइकीच्या देवळाचा उंच बुरूज लागतो, त्यातल्या एका झरोक्यातून आतला मायसीनी काळाचा ओबडधोबड दगड दिसतो, आणि प्रोपिलाया ओलांडलं की उजवीकडे त्याच जुन्या तटाचा मोठा तुकडा उभा आहे. खाली उतरल्यावर जुन्या बाजाराच्या बाजूने जाऊन उत्तरेच्या तटातले ते खांबाचे तुकडे शोधा. तिकीट आधी ऑनलाइन काढा, २०२३ पासून दिवसाला वीस हजार माणसांचीच मर्यादा आहे आणि वेळेचा स्लॉट असतो. वरचा दगड पायांनी घासून इतका गुळगुळीत झालाय की चपलेने हमखास घसराल, बूट घाला. आणि वेळ उरला तर फिलोपापोसच्या टेकडीवर चढा, तिला तिकीट नाही, गोळा कुठून कुठे गेला ते तिथे उभं राहिल्यावर एका नजरेत कळतं.